आशाबाईंची पाटली

आशाबाईंनी उजव्या हातातली पाटली मनगटावर एकदा फिरवली, आणि पलीकडे गादीवर बसलेल्या गजाननने हातातली निळी साडी न उलगडताच खाली ठेवली.

पाटली एकदा फिरली म्हणजे गिऱ्हाइकाचं मन बसलं, आता नवा माल दाखवू नकोस. दोनदा फिरली म्हणजे बाई जे सांगतेय त्याच्याहून भारी घेणार आहे, वरच्या फळीवरचं काढ. आणि पाटली हातातून काढून पुन्हा घातली तर चहा मागवू नकोस, ही मंडळी उन्हातून सावलीला आली आहेत. बुधवाऱ्यातल्या त्या साडीच्या दुकानात बहीण-भावाचा हा कारभार इतकी वर्षं बिनबोभाट चालला होता. नवरा वारल्यावर आशाबाई माहेरी आल्या त्या चार दिवस विसाव्याला म्हणून. पण पाचव्या दिवशी त्या दुकानात येऊन बसल्या, आणि गजाननच्या लक्षात आलं की आजवर आपण दुकान चालवत नव्हतो, उघडत आणि बंद करत होतो.

गिऱ्हाइकाच्या तोंडावर जाऊ नये, डोळ्यांवर जावं, हे त्यांचं शास्त्र. बाई तोंडाने म्हणते, रंग जरा भडक आहे नाही? आणि डोळे त्या भडक रंगावरून उठायला तयार नसतात. आशाबाईंची पाटली अशा वेळी कधी चुकत नाही अशी ख्याती होती. ती ख्याती अर्थात आशाबाईंनीच पसरवली होती. अंदाज बरोबर आला की त्या आठवडाभर सांगत. चुकला की त्या बाईच्या घरचं वळणच तसं होतं.

आज अंदाज बरोबर आला. गिऱ्हाईक पिशवी घेऊन उतरलं आणि आतल्या खोलीच्या दारात गजाननचा मुलगा भूपेंद्र उभा राहिला. हातात अर्धी घडी घातलेली साडी.

"आत्या, सुरेशची जागा खाली आहे ना?"

सुरेश म्हणजे दुकानातला जुना सेल्समन. लग्नसराई तोंडावर आली असताना त्याने स्वतःचं दुकान टाकलं होतं, तेही चार दुकानं सोडून. त्याच्या बसण्याची जागा गादीच्या डाव्या कोपऱ्यात रिकामी होती, लोडाला त्याच्या पाठीचा खड्डा तसाच होता.

"आहे. मग?"

"मी बसतो ना. घड्या घालून घालून बोर झालं, यार."

"आत्याला यार म्हणू नये."

"बरं. बोर झालं, आत्या."

आशाबाईंनी भाच्याकडे पाहिलं. एकोणतीस वर्षांचा उंच, देखणा पोरगा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले, मग तो खोलीतून बाहेर येईना. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हटलं, घरच्यांनी 'भूपूचं ते' म्हटलं. ते दिवस आता मागे पडले होते. सकाळ-संध्याकाळ गोळ्या, महिन्याला शिबिरातल्या डॉक्टरांची भेट, आणि दुकानाच्या आतल्या खोलीत घड्या घालण्याचं काम. घड्या तो सुंदर घालायचा. प्रश्न डोळ्यांचा होता. बोलताना त्याची नजर समोरच्याच्या शर्टाच्या बटणावर जाऊन बसे, तिथून एकदम मागच्या घड्याळावर, तिथून पंख्यावर. रस्त्याने स्कूटर गेली तरी त्याचे डोळे तिच्यासोबत न जाता मागे राहत आणि मग टुणकन उडी मारून तिला गाठत.

"भूपू, गिऱ्हाईक काय बघतं?"

"साडी."

"साडी नंतर. आधी आपल्याकडं बघतं. तू त्याच्या बटणाकडं बघितलंस तर त्याला वाटेल बटण तुटलं. आणि आपण त्याचे डोळे वाचायचे असतात, राजा. ज्याचे स्वतःचे डोळे धड एका जागी बसत नाहीत, तो दुसऱ्याचे काय वाचणार?"

भूपेंद्र हातातली घडी पूर्ण करून आत गेला. गजानन मीटर पट्टी उगाच पुसत बसला. बहिणीपुढे त्याने आजवर जे काही बोलायचं ठरवलं होतं ते सगळं त्या पट्टीवर पुसून टाकलं होतं.

शिबिराच्या दिवशी मात्र वेगळीच गोष्ट निघाली. नेहमीच्या डॉक्टरांसोबत इंदूरच्या एका कॉलेजातून गायत्री नावाची तरुण डॉक्टर आली होती. तिला डोळ्यांचा अभ्यास करायचा होता. भूपेंद्रसोबत आई शारदा आणि आत्या अशा दोघी होत्या. शारदाच्या डोळ्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा होता.

"मावशी, असं बघा," गायत्री म्हणाली, "चालती वस्तू आपण बघतो तेव्हा डोळे तिच्याबरोबर अलगद सरकतात. ह्या आजारात बऱ्याच जणांचे डोळे मागे पडतात, मग उडी मारून गाठतात. आम्ही स्क्रीनवर एक ठिपका फिरवतो आणि डोळे कसे चालतात त्याची रेघ काढतो. रक्ताच्या नातेवाइकांचीही काढतो. त्यांना आजार नसतो, पण डोळे कधी कधी तसेच चालतात."

आशाबाई पुढे सरकल्या. "म्हणजे कोणाकडून आलं ते कळेल?"

"नाही नाही, तसं नाही कळत. ज्यांच्या घरात कोणालाच काही नाही, त्यांचेही डोळे असे चालू शकतात. ह्याच्यावरून काहीच ठरत नाही. आम्ही फक्त—"

पुढचं आशाबाईंना ऐकू आलं नाही, कारण ते त्यांच्या कामाचं नव्हतं. भूपूचं ते फोपनारकडून आलं, म्हणजे शारदाच्या माहेराहून, हा त्यांचा जुना निकाल होता. पुराव्यादाखल शारदाचे वडील होते. ते केळीच्या घडांशी बोलत. शारदाने ह्या निकालावर कधी अपील केलं नव्हतं. तो विषय निघाला की ती उठून गॅस बारीक करून येई, गॅस बंद असला तरी.

"हिचं तर ऑपरेशन झालंय," आशाबाई म्हणाल्या. "हिच्या भावाला बोलावते. आणि आमच्या बाजूनं मी बसते. दोन्हीकडचं होऊन जाऊ दे."

"ताई, कशाला?" शारदा हळूच म्हणाली.

"कशाला म्हणजे? शास्त्राला मदत नको करायला?"

लोटूमामा दुपारपर्यंत हजर झाला. अंगात पांढरा सदरा, गाडीला केळीची फणी बांधलेली. फोपनारची केळी डॉक्टरपासून चौकीदारापर्यंत सगळ्यांना वाटून झाल्यावरच त्याने विचारलं, "काय करायचं आहे भो मला?"

"ठिपका बघायचा," भूपेंद्र म्हणाला.

"बस्स? त्याच्यासाठी आशाबाईनं मला केळीला पाणी द्यायचं सोडून बोलावलं? ठिपके तर केळीवर रोज बघतो मी."

खोली लहान होती. टेबलावर हनुवटी टेकवायला एक चौकट, समोर काळा पडदा, त्यावर इकडून तिकडे जाणारा पांढरा ठिपका. रेघ उमटायची ती दुसऱ्या लॅपटॉपवर. तो खरं तर भिंतीकडे तोंड करून ठेवायचा, पण चालू प्लग त्या एकाच भिंतीला होता आणि वायर आखूड. त्यामुळे लॅपटॉपचं तोंड बाकावर बसलेल्या मंडळींकडे झालं. गायत्रीने दोनदा माफी मागितली आणि कोणी बघायचं नाही असं सांगितलं. म्हणून सगळे नीट सरकून बसले.

आधी भूपेंद्र बसला. त्याची रेघ पायऱ्यापायऱ्यांनी चालली. थोडी सरके, थांबे, एकदम चढे. राजघाटाच्या पायऱ्यांसारखी. आशाबाईंनी मान हलवली. शारदा काळ्या चष्म्याआड खाली बघत राहिली.

मग लोटूमामा बसला. त्याची हनुवटी चौकटीत मावेना, मिशी आड येत होती. पण एकदा बसल्यावर रेघ जी निघाली ती हिवाळ्यातल्या तापीसारखी. एक लाट, दुसरी लाट, कुठे ठेच नाही, कुठे अडखळ नाही. आशाबाईंनी ती रेघ शेवटपर्यंत पाहिली. एखादं गिऱ्हाईक भरल्या दुकानातून हात हलवत उतरून जावं तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"छान, काका," गायत्री म्हणाली.

"छान म्हणजे? पास?"

"पास-नापास नसतं ह्यात."

"मग मतलब पास," म्हणून लोटूमामा बाकावर येऊन बसला. बाक करकरला.

आशाबाईंनी पदर खोचला, चष्मा काढून शारदाकडे दिला आणि चौकटीत हनुवटी ठेवली. कपाळ पट्टीला टेकलं. आता मान वळवायची नाही, बोलायचं नाही, फक्त ठिपका. त्यांना वाटलं, हे काय काम आहे? जन्मभर दुसरं केलं काय आपण? ठिपका डावीकडून निघाला. त्या त्याच्यामागे निघाल्या. ठिपका गुळगुळीत चालला होता आणि त्याही त्याच्यासोबत गुळगुळीत चालल्या होत्या, निदान त्यांना तसं वाटत होतं.

मग मागून लोटूमामाचा आवाज आला, "अरे, हे तर—" आणि कोणीतरी त्याला चिमटा काढल्यासारखा तो तिथेच तुटला.

त्यानंतर खोली एकदम शांत झाली. दुकानात अशी शांतता कधी पडते ते आशाबाईंना चांगलं ठाऊक होतं. भावजयीसमोर नणंदेने तिच्याहून भारी साडी उचलली की पडते. हनुवटी चौकटीत, कपाळ पट्टीत, डोळे ठिपक्याला बांधलेले. पाठीमागे चार माणसं काहीतरी बघत आहेत आणि आपल्याला वळून त्यांचे चेहरे बघता येत नाहीत, असं आशाबाईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

"झालं, मावशी. थँक्यू."

आशाबाई वळल्या. लॅपटॉप तोवर मिटला होता. शारदा पदर तोंडाला लावून बसली होती आणि तिचे खांदे बारीक हलत होते. आधी त्यांना वाटलं, रडतेय. मग कळलं, रडत नाहीये. लोटूमामा छताकडे बघत मिशी चोळत होता. गायत्री वायर गुंडाळत होती, आणि एवढीशी वायर गुंडाळायला तिला फारच वेळ लागत होता.

"काय झालं? कशी आली?"

"आम्ही एकेकाचा निकाल सांगत नाही, मावशी," गायत्री म्हणाली.

तेव्हा भूपेंद्र उठला. आत्यासमोर येऊन उभा राहिला.

"एकदम मस्त आली, आत्या. मामासारखीच. बिल्कुल सरळ."

आशाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मग शारदाच्या हातातून चष्मा घेतला, पदराने पुसला आणि लावला.

"येणारच," त्या म्हणाल्या. "चला."

लोटूमामाने मंडळींना थेट जिलबीच्या दुकानात नेलं. माव्याची जिलबी, काळपट, जाड, पाकाने जड झालेली. त्याने सगळ्यांना आपल्या हाताने वाढली.

"खा, खा. आज फोपनारकडून आहे. काय वं आशाबाई, आमच्याकडची रेघ पाहिली ना? काय रेघ होती! त्या रेघेवरून ट्रॅक्टर न्या."

"मामा," भूपेंद्र म्हणाला, "जिलबी गार होतेय."

"होऊ दे. आणि तुमचीबी चांगलीच होती म्हणा. जरा... डोंगराळ."

शारदाला ठसका लागला. भूपेंद्रने तिच्यापुढे पाणी सरकवलं आणि टेबलाखालून मामाच्या पायावर पाय ठेवला. हे आशाबाईंनी पाहिलं. कपाळावर आठी घालून त्या जिलबीचा तुकडा मोडत राहिल्या. आठी जरा वेळ टिकली. मग ओठाच्या एका कोपऱ्यापासून काहीतरी हलायला लागलं आणि त्यांनी ते पदराआड घेतलं. पदर बाजूला केला तेव्हा त्या पुन्हा पहिल्यासारख्या होत्या. फक्त त्यांनी आणखी एक प्लेट मागवली आणि ती शारदापुढे ठेवली.

"खा. तुझ्या भावाचं बिल आहे."

घरी जाताना रिक्षात, बुधवारा आल्यावर, त्या एवढंच म्हणाल्या, "शारदा, तुझे वडील केळीच्या घडांशी काय बोलायचे गं?"

"भाव सांगायचे, ताई. म्हणायचे, मन धरून वाढा, यंदा भाव चांगला आहे."

"मग बरोबरच बोलायचे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी गजानन दुकानात आला तेव्हा गादीवर धुतलेली चादर पडली होती. सुरेशच्या लोडाची खोळ बदलली होती, त्याला ठोकून ठोकून खड्डा काढला होता, आणि तो लोड डाव्या कोपऱ्यातून उचलून आशाबाईंच्या अगदी शेजारी ठेवला होता.

"भूपू!" आशाबाईंनी आतल्या खोलीकडे हाक मारली. "पाय धुऊन ये. गादी धुतलेली आहे."

आतून नळ सुटल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ येत राहिला. इतके स्वच्छ पाय त्या गादीवर आजवर कोणी ठेवले नसतील.

गजाननने बहिणीकडे पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मीटर पट्टी उचलली.

पहिलं गिऱ्हाईक दापोऱ्याचं. आई, मावशी आणि नवरी मुलगी दीपाली. आखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावरचं लग्न. गजानन एकेक साडी उलगडत गेला. गादीवर रंगांचा ढीग झाला. पोपटी साडी उलगडली तशी आशाबाईंनी पाटली एकदा फिरवली. गजानन थांबणार, तेवढ्यात भूपेंद्रने कुजबुज केली.

"आत्या, पोपटी नाही. ती राणी रंगाकडं बघत होती."

"गप. पोपटी."

"अगं, राणी. दोनदा बघितलं तिनं."

"मी पाटली फिरवली ना?"

"मग पुन्हा उलटी फिरव."

गजानन एका हातात पोपटी, एका हातात राणी घेऊन दोघांकडे आलटून पालटून बघू लागला. इतक्या वर्षांत त्याच्यावर असा प्रसंग आला नव्हता. दीपालीची आई म्हणाली, "तुमचं काय ते एकदा ठरवा, मग आम्ही सांगतो."

त्याच वेळी शारदा चहा घेऊन आली. दीपालीने कप घेतला, आणि कप हातात तसाच ठेवून म्हणाली, "काकू, ही तुम्ही नेसलात तशी आहे का अजून?"

शारदाच्या अंगावर गुळाच्या रंगाची साडी होती. मागच्या दिवाळीच्या मालातली. ह्या रंगाला कोणी विचारणार नाही असं आशाबाईंनी गठ्ठा फोडतानाच सांगितलं होतं, आणि त्यावर विश्वास ठेवून गजाननने बाकीच्या फळीच्या मागे टाकल्या होत्या. एक शारदाला दिली होती, पडून खराब होण्यापेक्षा.

गजाननने आशाबाईंकडे पाहिलं. पाटली हलेना. मग तो स्वतःच उठला, स्टूल घेतलं, फळीमागे हात घातला आणि धुळीचा गठ्ठा खाली ओढला.

दीपालीने एक घेतली. मावशीने एक घेतली. आईने आधी नको म्हटलं आणि मग एक घेतली. त्या तिघीजणी पायऱ्या उतरून गेल्या. शारदा रिकामे कप गोळा करत होती. जाता जाता आरशापाशी तिने पदर नीट केला, जरा जास्तच नीट केला, आणि आत गेली.

"पोपटी," भूपेंद्र म्हणाला.

"राणी," आशाबाई म्हणाल्या.

आणि मग दोघं हसायला लागले. आशाबाई हसताना आवाज करत नसत, पण आज झाला. समोरच्या दुकानातला माणूस मान वर करून बघू लागला. भूपेंद्र लोडावर कलंडला होता. त्याचं असं हसणं गजाननने किती दिवसांनी ऐकलं होतं, ते त्याच्या पट्टी पुसण्यावरून कळत होतं.

हसू ओसरल्यावर भूपेंद्र साड्यांचा ढीग आवरायला लागला. राणी रंगाची घडी घालता घालता, घडीकडेच बघत त्याने विचारलं,

"आत्या, तुला कळलं होतं ना? रेघेचं?"

"लगेच."

"कसं काय? मी तर एकदम नीट सांगितलं."

"म्हणूनच तर." आशाबाईंनी पोपटी साडी त्याच्याकडे सरकवली. "आजारी पडल्यापासून तू माझ्याशी बोलतोस ते माझ्या कानाकडं बघून. नाहीतर खांद्याकडं. काल माझ्या डोळ्यांत बघून बोललास, पापणीसुद्धा हलवली नाहीस. म्हटलं, पोरगा एवढी मेहनत घेतोय म्हणजे खोटं बोलतोय."

भूपेंद्र त्यांच्या कानाकडे बघून हसला.

"आणि साडीच्या दुकानात," आशाबाई म्हणाल्या, "एवढं आलं की बाकीचं येतं."

खाली पायरीशी चपला वाजल्या. दोन बायका आणि एक म्हातारी आजी वर चढत होत्या, बोलत, वाद घालत, आजीला हाताला धरून. गजानन सावरून बसला. गादीवर आत्या आणि भाचा खांद्याला खांदा लावून ताठ झाले, आणि दोघांची नजर त्या बायकांच्या मागोमाग दारापासून आरशापर्यंत, आरशापासून फळीपर्यंत निघाली, जराशी मागे राहत, मग टुणकन उडी मारून गाठत.

"कोणती?" भूपेंद्रने हळूच विचारलं.

आशाबाईंनी पाटली मनगटावर जरा सैल केली.

"आधी तू सांग," त्या म्हणाल्या.